सुवर्णाची भाजी

सुवर्णाने सोऱ्याचा दांडा फिरवला आणि प्लास्टिकच्या कागदावर कुरडईचं आणखी एक पांढरं जाळं उतरलं. गव्हाचा चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून मुकाट्याने उतरतो. निवला की हट्टाला पेटतो. म्हणून चैतालीच्या गच्चीवर सगळ्यांचे हात घाईत चालले होते, आणि हात चालू असले की म्हसरूळच्या त्या कॉलनीत तोंडंही बंद राहत नसत. विषय भिशीच्या उन्हाळी सहलीचा होता. जागा ठरली होती: दिंडोरीच्या अलीकडे लताबाईंच्या भावाची आमराई. आता कोणी काय करून आणायचं, एवढंच उरलं होतं.

"दहीभात हर्षालीकडे," चैताली म्हणाली. चैताली भिशीची प्रमुख होती. वयाने सगळ्यांत लहान, पण ग्रुपवर मेसेज टाकून तो पिन करणं तिला एकटीलाच जमायचं, त्यामुळे पद आपोआप तिच्याकडे गेलं होतं. "चिवडा-लाडू मी बघते. सुवर्णाकाकू, तुम्ही पत्रावळ्या आणा."

सोऱ्याचा दांडा अर्ध्या फेऱ्यात थांबला.

"पत्रावळ्या?"

"आणि द्रोण," चैताली घाईने म्हणाली, जणू द्रोणांमुळे मान वाढणार होता.

"मग दशम्या? भाजी?"

"ते मी करते," लताबाई म्हणाल्या. सुवर्णाच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. कागदाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्या कुरडयांच्या कडा बोटाने सारख्या करत होत्या, आणि मान वर न करताच बोलल्या. "दशम्या मी आणि बटाट्याची भाजीपण मीच. गेल्या वर्षीसारखं नको व्हायला. आणि सुवर्णाला कशाला गं त्रास? शाळा, पेपर, परीक्षा... दमून जाते ती."

मे महिना चालू होता. सुवर्णाच्या शाळेला कुलूप होतं, आणि मुलांचे निकाल लागून ते विसरायलाही मुलांना वेळ मिळाला होता. हे गच्चीवर प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. हर्षालीने तर सुवर्णाच्या दंडावर हात ठेवला, दवाखान्यात भेटायला गेल्यावर ठेवतात तसा.

"काकू, चीक निवतोय," चैताली म्हणाली.

सुवर्णाने दांडा फिरवला. पुढची कुरडई जरा जास्तच जाड उतरली.

गेल्या वर्षीची सहल गंगापूर धरणाच्या काठावर गेली होती आणि बटाट्याची भाजी सुवर्णाची होती. पहाटे केलेली, परातीत पसरून पंख्याखाली निववलेली, कोरडी, तेलाचा हात सैल. पंगत बसायच्या आधी लताबाईंनी झाकण काढलं, एक फोड जिभेवर ठेवली, डोळे बारीक केले आणि अतिशय काळजीच्या सुरात विचारलं,

"सुवर्णा, ही जरा आंबल्यासारखी लागतेय का गं?"

नुसता प्रश्न होता. आरोप असता तर सुवर्णाने तो खोडून काढला असता. प्रश्न कसा खोडणार? "नाही हो, पहाटे केलीय," एवढंच ती म्हणाली. पण तोवर पंगतीतले हात मागे गेले होते. लोकांनी पोळ्या लोणच्याशी खाल्ल्या आणि वरून लताबाईंचा मठ्ठा प्यायला. हा मठ्ठा आदल्या दिवशी घुसळून प्लास्टिकच्या कॅनमध्ये बंद केलेला होता आणि बसच्या डिकीत तापत तापत धरणापर्यंत आला होता. संध्याकाळी निम्मी कॉलनी पोट धरून बसली. काहींना सलाइन लावावं लागलं; त्यात सुवर्णाचा नवरा संतोषही होता.

ज्या भाजीला पंगतीत कोणी हात लावला नव्हता, त्या भाजीने एवढी माणसं आजारी पाडली. सुवर्णाने पुढच्या भिशीत हे सगळं फळ्यावरच्या गणितासारखं मांडून दाखवलं. भाजी कोणी खाल्ली? मी आणि बसच्या ड्रायव्हरने. धडधाकट कोण राहिलं? मी आणि बसचा ड्रायव्हर. बायकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काहींना नुसत्या वासानेसुद्धा होतं," हर्षाली म्हणाली आणि गणित सुटलं.

लताबाईंनीही सगळ्यांबरोबर मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मठ्ठ्याचा कॅन, चांगला धडका कॅन, भंगारवाल्याला देऊन टाकलेला सुवर्णाने गॅलरीतून पाहिला. म्हणजे बाईला ठाऊक होतं. सुवर्णाला खरा राग त्याचाच होता. न कळून आळ घेणाऱ्याला माणूस माफ करतो. कळून घेणाऱ्याचं काय करायचं?

पुढे 'सुवर्णाची भाजी' हा कॉलनीचा शब्दच झाला. कोणाचं पोट बिघडलं की "काय, सुवर्णाची भाजी खाल्ली का?" पोरांना क्लास बुडवायचा असला की "आज सुवर्णाची भाजी झालीय." कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा, ज्याने सुवर्णाला कधी पाहिलं नव्हतं, जुलाबाच्या गोळ्या देताना हे नाव घेऊन हसायचा. होळीला तिने चार घरी दिलेल्या पुरणपोळ्या मागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या कुत्र्याला मिळाल्या. कुत्रं पुढे चांगलं तुकतुकीत झालं, पण त्याची साक्ष कोण काढणार?

"जाऊ दे ना," संतोष म्हणायचा. "भिंतीला भिंत आहे. मला त्यात ओढू नकोस."

ती त्याला ओढत नसे. पण जाऊही देत नव्हती. वर्षभर तिला एकच गोष्ट हवी होती. माफी नको होती. माफी घेऊन ती ठेवणार कुठे? तिला फक्त त्या शब्दातलं नाव बदलून हवं होतं. भाजी तीच राहू दे. पोटं तीच राहू देत. 'लताबाईंची भाजी' एवढं व्हायला हवं होतं.

आणि लताबाईंनी ती भाजी आपण होऊन अंगावर घेतली होती.

चैतालीच्या गच्चीवरून घरी येईपर्यंत सुवर्णाचं ठरलं होतं. लताबाईंचा एक गुण असा होता की त्यावर घड्याळ लावावं: सुवर्णाने सांगितलेलं त्या कधीही करत नसत. कैऱ्या कोरड्या पुसून मग चिरा म्हटलं, तर ओल्या चिरल्या. लोणच्यावर पांढरी साय आली. तुळस उन्हात ठेवा म्हटलं, तर जिन्याखाली नेऊन ठेवली. गॅसची नळी बदला म्हटलं, तर ती इतके दिवस बदलली नाही की शेवटी सिलिंडरवालाच ओरडला. यात दोष थोडा सुवर्णाच्या आवाजाचा होता. वर्गावर उभं राहून राहून त्यात एक सूर आला होता, आणि त्या सुरात तिने 'आज रविवार आहे' म्हटलं असतं तरी लताबाईंनी एकदा कॅलेंडर बघून घेतलं असतं.

म्हणजे करायचं काय, तर खरं सांगायचं. अगदी खरं. एक अक्षर खोटं नाही. उद्या कोणी विचारलं तर देवावर हात ठेवून म्हणता आलं पाहिजे, मी तर बाई सांगितलं होतं.

दुपारी वाटीभर चीक घेऊन ती शेजारी गेली. लताबाई धान्य निवडत होत्या. कोपऱ्यात खुर्चीवर त्यांचे यजमान सावळीरामभाऊ पेपर वाचत होते. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. 'पुढे सरका' असं आयुष्यभर ओरडून झाल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी बोलणं जवळजवळ थांबवलं होतं.

"लताबाई, भाजीत कांदा घालू नका हं," सुवर्णाने उभ्या उभ्याच सुरुवात केली. सूर तिने मुद्दाम जरा चढाच लावला.

"हो का?"

"कांदा उन्हात फसफसतो. ओलं खोबरं नको, कोथिंबीर तर मुळीच नको. तेल सढळ घाला. आणि झाली की परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार करायची, मगच डब्यात. गरम भरली की वाफ धरते, आणि मग काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे."

"मला कसं ठाऊक असणार?" लताबाई म्हणाल्या. "माझी कधी आंबली नाही."

सुवर्णाने तो घास गिळला. पुढचं जास्त महत्त्वाचं होतं.

"दशम्या निव्वळ दुधात मळा. पाण्याचा थेंब नको. फडक्यावर सुट्या सुट्या गार करा, गरम असताना एकीवर एक रचू नका, घाम धरतात. लक्षात राहील ना?" ती दारापर्यंत गेली आणि वळली. "की लिहून देऊ?"

लताबाईंच्या नाकपुड्या फुगल्या. पेपरमागून सावळीरामभाऊंनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर वर धरला.

"आमच्या माहेरी बाई कांद्याशिवाय भाजी होतच नाही," लताबाई एकेक शब्द मोजल्यासारख्या म्हणाल्या. "मिळमिळीत लागते."

"बघा बाई. माझं काम सांगायचं."

घरी येऊन तिने चहा टाकला आणि फार दिवसांनी त्यात गवती चहाची पात घातली.

शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून कांदा परतल्याचा वास आला. चांगला खमंग, लालसर होत आलेला. सुवर्णा ओट्याशी उभी होती. तिने गॅस बारीक केला आणि तो वास नीट, शेवटपर्यंत घेतला. एखाद्या फुलाचासुद्धा तिने कधी असा घेतला नव्हता.

मग ती स्वतःच्या कामाला लागली. सूड घ्यायचा तर उपाशी माणसांसमोर घेऊन चालत नाही. उपाशी माणसं आधी चिडतात आणि मग कोणावरही चिडतात. पंगतीत लताबाईंचा डबा उघडेल, नाकं मुरडली जातील, आता खायचं काय म्हणून सगळे एकमेकांकडे बघतील, आणि त्या क्षणाला एका पिशवीतून दशम्या निघतील. एवढं साधं होतं ते. तिने गव्हाच्या पिठात थोडं ज्वारीचं मिसळलं, गूळ विरघळवलेल्या दुधात कणीक मळली, आणि दशम्या भाजून जुन्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यावर घरभर पसरल्या. पलंगावर, टेबलावर, शिवणयंत्रावर. शेंगदाण्याची चटणी कुटली. कैरीचा तक्कू केला, फोडणी गार करून वर ओतली.

संतोष बाहेरून आला आणि त्याला बसायला जागा सापडेना.

"हे काय? आपल्याकडे पत्रावळ्या आहेत ना?"

"असू द्यावं जवळ काहीतरी."

"एवढं?"

"लहान मुलं असतात," ती म्हणाली.

संतोषने दारातली एक दशमी उचलून तिची गुंडाळी केली आणि टीव्ही लावला. कोणी कशाला काय करतं, हे तो सहसा विचारत नसे. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की बाजू घ्यावी लागते. रविवारी पिशवी बसमध्ये चढवताना मात्र तो कण्हला.

"पत्रावळ्या एवढ्या जड झाल्या कधीपासून?"

"दाबून भरल्यात."

आमराईत पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छाटलेल्या द्राक्षबागा नव्या पानांनी नुकत्या हिरव्या होत होत्या. एकाही वेलीला घड नव्हता, आणि बसमधली पोरं द्राक्षं कुठायत म्हणून आयांना हैराण करत होती. केरू, लताबाईंचा धाकटा भाऊ, बांधावरच उभा होता.

"या, या! लय उशीर केला ताई. पोरांना भूक लागली आसंल. सावलीत बसा, मोटर चालू करतो."

पोरं हौदाकडे पळाली. पुरुषांनी सतरंजीवर पत्ते काढले. बायकांनी आंब्याखाली पंगतीची जागा झाडली आणि सुवर्णा पत्रावळ्या मांडत निघाली. एकेका पत्रावळीवर वाऱ्याने उडू नये म्हणून ती बारका दगड ठेवत होती. काम चोख झालं पाहिजे, हा तिचा स्वभाव होता. अपमानाचं असलं तरी.

"सुवर्णा, इकडे ये गं जरा."

लताबाई पंगतीच्या तोंडाशी पातेलं घेऊन बसल्या होत्या. झाकण अजून लावलेलं होतं. सुवर्णा गेली. जाताना तिने चेहरा जमेल तितका रिकामा ठेवला.

"तू सांगितलंस ना, अगदी तसंच केलंय बघ सगळं," लताबाई म्हणाल्या. "कांदा नाही घातला."

सुवर्णाने झाकणाकडे पाहिलं.

"पण काल संध्याकाळी वास..."

"ते ह्यांच्या पिठल्याला. भाजी आज पहाटे केली. कोथिंबीर नाही, खोबरं नाही, काही नाही. परातीत पसरली. मांजर येतं आमच्याकडे, म्हणून हे पंख्याखाली राखत बसले होते." लताबाईंनी पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. त्यांचा आवाज उतरला. "दशम्यापण दुधातच मळल्या. मी काय, आपलं अंदाजानेच करत आले गं आजवर. तू चाख आधी. तू बरी म्हणालीस तरच वाढते."

शेजाराला इतकी वर्षं झाली होती; लताबाईंनी तिला ज्याचं उत्तर खरोखर हवंय असा प्रश्न कधी विचारला नव्हता. हा माफीच्या फार जवळून गेला. माफीला लागतो तेवढा उच्चार त्यात नव्हता, पण बाकी सगळं होतं. पंगतीत बसायला आलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या होत्या. पुरुषांनी पत्ते खाली ठेवले होते. वर्षभर जिच्या हातचं कोणी खाल्लं नव्हतं, ती आता काय म्हणते याकडे सगळ्या पंगतीचं लक्ष लागलं होतं.

लताबाईंनी झाकण काढलं.

सुवर्णाने एक फोड उचलून जिभेवर ठेवली. मोहरी तडतडलेली, करपलेली नाही. हिंग नेमका. बटाटा उकडलेला पण अंग धरून असलेला, प्रत्येक फोडीला तेलाचं आणि हळदीचं पातळ कवच. गार, कोरडी, ताजी. रात्रीपर्यंतसुद्धा हिला काही झालं नसतं. सुवर्णाने आयुष्यात खूप पेपर तपासले होते; समोरच्या माणसाने आपलं शब्द न् शब्द ऐकलं आहे, असा एखादाच हाती येतो. पैकीच्या पैकी द्यायला हवे होते. 'छान झालीय' एवढे दोनच शब्द. ते तिच्या जिभेवर आलेसुद्धा, बटाट्याच्या शेजारी.

पंगतीच्या मधोमध हर्षाली उभी होती. ती चैतालीच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि दोघी हसल्या. कशाला हसल्या देव जाणे.

सुवर्णाने डोळे बारीक केले.

"लताबाई," ती अतिशय काळजीच्या सुरात म्हणाली, "ही जरा आंबल्यासारखी लागतेय का हो?"



लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. आपलीच एखादी हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसल्यावर माणूस बघतो, तसं काहीसं होतं. त्यांनी तोंड उघडलं. 'पहाटे केलीय' असं त्या म्हणणार, असं सुवर्णाला वाटलं. पण त्यांनी झाकण उचलून परत पातेल्यावर ठेवलं. ते वाक्य किती उपयोगाचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"नको बाई, रिस्क नको," चैताली पुढे झाली. "मुलं आहेत बरोबर. काकू, राग मानू नका हं, पण दशम्यापण राहू द्या."

"आत्ता गं बाई, मग खायचं काय? नुसता दहीभात?" हर्षाली म्हणाली.

मग सगळं सुवर्णाने शनिवारी ओट्याशी उभं राहून पाहिलं होतं तसंच झालं, एकही गोष्ट न चुकता. पिशवी उघडली. दशम्यांचे डबे निघाले. चटणीच्या वासाने पुरुष आपण होऊन पंगतीत येऊन बसले. "सुवर्णाकाकू, तुम्ही म्हणजे ना!" चैताली म्हणाली, आणि तिने डब्याचा फोटो काढला. तक्कू दोनदा फिरला. ज्यांनी होळीच्या पुरणपोळ्या कुत्र्याला घातल्या होत्या, त्यांनीही हात पुढे केला.

"पण मऊ कशा राहिल्या हो इतक्या?"

"दुधात मळायच्या," सुवर्णा म्हणाली.

"तरी बरं, तुमच्या लक्षात आलं वेळेवर," हर्षालीने दशमीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं. "नाहीतर या वर्षी लताबाईंची भाजी!"

सगळी पंगत हसली. सुवर्णाने हा हशा वर्षभर वाट पाहून मिळवला होता, आणि तो तिने कल्पिला होता त्याहून मोठा निघाला. आता तो औषधाच्या दुकानापर्यंत आपल्या पायांनी जाईल. तिला काही करावं लागणार नव्हतं.

केरू पातेल्यापाशी आला. त्याला भाजीचं कौतुक नव्हतं की दुःखही नव्हतं.

"ताई, टाकू नको. म्हशीपुढं ठेवतो. तिला काय नाय होत."

"म्हशीला नाही," लताबाई म्हणाल्या. "मी खाते."

त्यांनी एक पत्रावळ ओढली, तिच्यावरचा दगड बाजूला ठेवला, आपल्या डब्यातली एक दशमी घेतली आणि भाजी वाढून घेतली. चांगली भरपूर. मग पंगतीपासून थोडं दूर, दुसऱ्या आंब्याच्या बुंध्याशी जाऊन बसल्या आणि खायला लागल्या. भराभर नाही, हळू नाही. रोज घरी जेवतात तशा.

पंगतीतल्या हशाला जरा गाठ पडली, पण सुटली लगेच. कोणीतरी म्हणालं, हट्टी आहेत. कोणीतरी म्हणालं, रात्री कळेल.

सावळीरामभाऊ पुरुषांच्या रांगेत शेवटी बसले होते. त्यांच्या पानात सुवर्णाची दशमी वाढलेली होती, वर तक्कू. त्यांनी ती दशमी उचलून शेजारच्याच्या पानात ठेवली, अदबीने, जसं कोणाला सुटे पैसे परत करावेत. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, रिकामी पत्रावळ घेऊन दुसऱ्या आंब्यापर्यंत चालत गेले आणि बायकोसमोर मांडी घालून बसले.

"वाढ."

"अहो, नको. आंबलीय म्हणतात."

"वाढ गं."

लताबाईंनी वाढलं. एक फोड पत्रावळीच्या बाहेर मातीत पडली. सावळीरामभाऊंनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. सगळी पंगत चोरून बघत होती.

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले. त्या दिवसभरात त्यांनी म्हटलेलं तेवढंच लांब वाक्य असावं. मग त्यांनी पुन्हा पान पुढे केलं.

सुवर्णा डबा हातात घेऊन पंगतीत वाढत होती. ती तशीच उभी राहिली. त्या दोघांकडे बघताना तिला गेल्या वर्षीचा धरणाचा काठ आठवू लागला. भाजीचं पातेलं मांडीशी घेऊन ती तिथे एकटी खात बसली होती. थोड्या वेळाने बसचा ड्रायव्हर आला होता, बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं म्हणून. संतोष तेव्हा कुठे होता, हे आठवायला तिला वेळ लागला नाही. तो सगळ्यांबरोबर होता. कोणाच्या तरी विनोदाला हसत, मठ्ठ्याचा दुसरा पेला घेत. इतका आजारी पडला होता म्हणजे निदान दुसरा, कदाचित तिसराही.

भिशीतल्या त्या गणितात तिने सगळ्यांना मोजलं होतं. भाजी न खाता आजारी पडलेल्यांत तिने त्याचंही नाव घेतलं होतं, चांगलं मोठ्याने, पुरावा म्हणून. नवऱ्यानेही आपल्या भाजीला हात लावला नव्हता, हे आपणच वाचून दाखवतोय, ते तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"अगं," पंगतीतून संतोषने हाक मारली. तो मजेत होता. दशमीच्या शेवटच्या तुकड्याने त्याने पत्रावळीतली चटणी निपटून घेतली होती, आणि बायकोचं कौतुक होत असल्यामुळे ते थोडंसं आपलंही असल्यासारखा शेजारच्यांकडे बघत होता. "मी सांगत होतो ना यांना, हिच्या हातची चव वेगळीच. मी कायम म्हणतो. आण बघू अजून दोन."

सुवर्णाने हातातल्या डब्यात पाहिलं. दशम्या काठोकाठ होत्या. या डब्याला अजून कोणाचा हात लागला नव्हता.

"संपल्या," ती म्हणाली.

"एवढ्यात?"

"हो."

तिने झाकण ठेवलं आणि तळव्याने दाबून घट्ट बसवलं.

"पाणी आहे हौदावर," ती म्हणाली. "उठा आणि प्या."